फ्रॅटर्निटीत मुलगा कायमचा जायबंदी झाला, तर पुढच्या पन्नास वर्षांचा खर्च कोण देतं?

ऋजुता_ओटी

मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात पुनर्वसन रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मेंदूला किंवा मणक्याला इजा झालेल्या तरुण मुलामुलींबरोबर काम करते. माझ्या पेशंटांबद्दल इथे एक अक्षरही लिहिणार नाही. जे वर्तमानपत्रांत आलंय, कोर्टात नोंदलं गेलंय, त्यावरच बोलते. ऑगस्टमध्ये आपल्यातल्या अनेकांची मुलं कॉलेजला जातील आणि पहिल्या महिन्याभरातच 'रश', म्हणजे फ्रॅटर्निट्यांत (कॉलेजातल्या मुलांच्या बंधुमंडळांत) नवी मुलं घेण्याची धावपळ, सुरू होईल, म्हणून हा धागा आत्ताच काढते आहे.

मिसुरी विद्यापीठ, कोलंबिया, ऑक्टोबर २०२१. फाय गॅमा डेल्टा नावाची फ्रॅटर्निटी, सगळे तिला 'फिजी' म्हणतात. मिनेसोटाहून आलेला पहिल्या वर्षाचा मुलगा. दाखल होऊ पाहणाऱ्या नव्या प्रत्येक मुलाला, म्हणजे 'प्लेज'ला, एक सीनियर 'प्लेज डॅड' नेमून दिलेला असतो. त्या रात्री या मुलाला व्होडकाची अख्खी बाटली संपवायला दिली, वर नळीने बिअर. रक्तातलं दारूचं प्रमाण गाडी चालवण्याच्या कायदेशीर मर्यादेच्या जवळजवळ सहापट निघालं. ॲम्ब्युलन्स कुणी बोलावली नाही. पोरांनीच त्याला गाडीत घालून नेलं, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत श्वास थांबला होता, हृदय बंद पडलं होतं. डॉक्टरांनी हृदय पुन्हा चालू केलं. मुलगा वाचला. पण दृष्टी गेली, चालणं गेलं, बोलणं गेलं आणि चोवीस तास जवळ माणूस लागू लागला. घरच्यांनी दावा लावला. फ्रॅटर्निटी आणि तिच्यातली वीसेक मुलं यांच्याशी तडजोड झाली. रक्कम जाहीर झाली नाही.

हेझिंगमध्ये, म्हणजे दाखल करून घेताना होणाऱ्या छळात (आपल्याकडचं रॅगिंग), मुलगा गेला की देशभर बातमी होते, त्याच्या नावाने कायदा होतो. जो वाचतो, त्याच्या घरात मात्र दुसऱ्या दिवसापासून एक हिशेब सुरू होतो आणि त्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. आमच्याकडे अशा केसमध्ये 'लाइफ केअर प्लॅन' तयार होतो. ते एक लांबलचक कोष्टक असतं. व्हीलचेअर, ती दर पाच वर्षांनी बदलायची. बेडसोअर होऊ नयेत म्हणून हवेची गादी. पलंगावरून उचलायचं हॉयर लिफ्ट, त्याच्या झोळ्या वेगळ्या, कारण त्या झिजतात. पोटातल्या नळीतून द्यायचं अन्न. आखडलेल्या स्नायूंसाठी काही महिन्यांनी बोटॉक्सची इंजेक्शनं. दार रुंद करणं, रॅम्प, रॅम्प असलेली व्हॅन. आणि या सगळ्याला मागे टाकणारी एक ओळ: अटेंडंट.

वर्षाचे तास ८,७६०. ताशी ३० डॉलर धरा. वर्षाला २,६२,८०० डॉलर झाले. मुलगा एकोणीस वर्षांचा असेल आणि पुढे पन्नास वर्षं जगला, तर एक कोटी तीस लाख डॉलरच्या वर, तेही महागाई न धरता. आणि ताशी ३० मध्ये नर्स येत नाही, फक्त एड, म्हणजे मदतनीस, येते.

मणक्याच्या इजेचे आकडे अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रीय केंद्राकडून नियमित येतात. मानेच्या अगदी वरच्या मणक्यांत इजा असेल, तर पहिल्याच वर्षी दहा लाख डॉलरच्या वर आणि नंतर दर वर्षी दोन लाखांच्या आसपास. फ्रॅटर्निटी हाउसच्या गच्चीवरून, बाल्कनीतून, खिडकीतून पडलेली मुलं या गटात येतात.

हे पैसे येतात कुठून? विमा, कायदा, ट्रस्ट यांतलं कळणारे इथे बरेच आहेत. कृपया सविस्तर लिहा.

सचिन_अल्फारेटा

ऋजुताताई, वाचून पोटात गोळा आला. आमच्या मोठ्याला गेल्या आठवड्यात 'बिड' (दाखल होण्याचं आमंत्रण) मिळाली. सेमिस्टरच्या फीचं पत्रक पाठवलंय, त्यात 'लायबिलिटी इन्शुरन्स' अशी स्वतंत्र ओळ आहे आणि पैसेही कमी नाहीत. मग फ्रॅटर्निटीचा विमा आहेच की. तो लागू होत नाही का?

विमा_हार्टफर्ड

सचिन, इथेच सगळे फसतात, म्हणून नीट लिहितो. माझं काम व्यावसायिक लायबिलिटीचं, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीच्या विम्याचं आहे.

१९८० च्या दशकात फ्रॅटर्निट्यांवर इतके दावे झाले, की कंपन्यांनी त्यांना विमा देणंच बंद करायला सुरुवात केली. विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने जोखमीची जी यादी केली, त्यात फ्रॅटर्निट्या सहाव्या होत्या, विषारी कचरा हाताळणाऱ्या आणि ॲस्बेस्टॉसचं काम करणाऱ्या कंपन्यांच्या लगोलग खाली. तेव्हा १९८७ मध्ये काही राष्ट्रीय फ्रॅटर्निट्यांनी एकत्र येऊन गट केला, एकत्र विमा घेतला आणि त्याबरोबर नियमांची एक पुस्तिका आणली. पिंपातली दारू नको, चॅप्टरच्या (कॉलेजातल्या शाखेच्या) पैशाने दारू नको, ज्याची त्याने आणायची, हेझिंग अजिबात नको.

नियम वाचायला चांगलेच आहेत. पण विम्याचं संरक्षण नियमात राहून वागणाऱ्याला. नियम मोडणारा सभासद बाहेर. आणि मुलगा जायबंदी होतो, ती रात्र नियम मोडलेलीच रात्र असते. एकवीसच्या आतल्या मुलांना दारू दिलेली असते, हेझिंग झालेलं असतं. मग कंपनी त्या त्या सभासदाला पत्र पाठवते, की तुमचं वागणं पॉलिसीत बसत नाही, तुमचा वकील तुम्ही बघा. सचिन, तुझ्या फीमधली ती ओळ मुख्यतः वरच्या संस्थेचं रक्षण करते. तुझ्या मुलाचं रक्षण अटींवर आहे.

आता 'वरची संस्था' म्हणजे काय तेही बघा. फ्रॅटर्निटी ही एकच वस्तू नसते. कॉलेजातला चॅप्टर, म्हणजे वीस-एकवीस वर्षांची पोरं आणि बँकेत किरकोळ रक्कम. ज्या इमारतीत ती राहतात ती माजी विद्यार्थ्यांच्या 'हाउस कॉर्पोरेशन'च्या नावावर. नाव, चिन्ह, सनद राष्ट्रीय मुख्यालयाची. शेवटी विद्यापीठ. पैसा वर आहे, हात खालच्यांचे आहेत. आणि आम्हाला रोजच्या कारभाराची माहिती नसते, नियंत्रणही नसतं, असं मुख्यालय कोर्टात सांगतं.

बरेचदा कोर्ट ते मान्य करतं. इंडियानाच्या सुप्रीम कोर्टात २०१४ मध्ये वॉबॅश कॉलेजमधली केस होती. पहिल्या वर्षाच्या मुलाला जबरदस्तीने शॉवरखाली नेताना इजा झाली. कॉलेज सुटलं, राष्ट्रीय संस्था सुटली, स्थानिक चॅप्टरवर दावा चालू राहिला. इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या मृत्यूच्या केसमध्ये हीच वाट धरली: राष्ट्रीय संस्था बाहेर, पण चॅप्टर, त्याचे पदाधिकारी, प्लेज बोर्डावरची मुलं आणि त्या रात्री दारू ओतून देणाऱ्या मुलीसुद्धा आत. कॅलिफोर्नियात २०१९ मध्ये पार्टीतल्या उंच फळीवरून पडून मेंदूला इजा झालेल्या मुलीच्या दाव्यातूनही राष्ट्रीय संस्था सुटली.

विद्यापीठांचं राज्यागणिक वेगळं. डेलावेअरच्या सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये विद्यापीठाची जबाबदारी मानली, तिथे प्लेजच्या अंगावर ओव्हन साफ करायचं दाहक रसायन ओतलं होतं. पण सरकारी विद्यापीठ असेल तर सार्वभौम संरक्षण (सरकारवर दावा लावण्यावरची मर्यादा) आडवं येतं. फ्लोरिडात सरकारी संस्थेकडून एका माणसाला दोन लाख डॉलरच्या वर मिळायचे तर विधिमंडळात खास विधेयक लागतं. ऋजुताताईंच्या हिशेबात दोन लाखांत वर्षसुद्धा निघत नाही.

मग उरतं काय? त्या मुलांच्या आईवडिलांची होमओनर्स पॉलिसी, म्हणजे घराचा विमा. मिसुरीच्या केसमध्ये एवढी मुलं प्रतिवादी का केली, ते यावरून समजावं. प्रत्येक मुलामागे एक घर आहे, घराला एक पॉलिसी आहे. लायबिलिटीची मर्यादा बहुधा एक ते पाच लाखांच्या दरम्यान, कुणाकडे वर दहा लाखांची अंब्रेला, म्हणजे त्या मर्यादेपलीकडचा जादा विमा. तुकडे जोडत जोडत देखभालीचा आकडा गाठायचा.

मीनल_नेपरव्हिल

विमा_हार्टफर्ड, मला दुसऱ्या बाजूने विचारायचंय. माझा मुलगा त्याच्या चॅप्टरचा 'रिस्क मॅनेजर' (सुरक्षिततेकडे बघणारा पदाधिकारी) आहे. इलिनॉयमध्येच. त्याने रेझ्युमेवर घालण्यासाठी ते पद घेतलं आणि आम्हालाही कौतुक वाटलं होतं. तुमचं वाचल्यापासून मी आणि हे दोघंही गप्प आहोत. उद्या कुणाला काही झालं, तर आमचं घर जाईल का?

विमा_हार्टफर्ड

मीनलताई, मुलगा अठराच्या वर आहे, तेव्हा केवळ आईवडील म्हणून तुमच्यावर सहसा जबाबदारी येत नाही. तुमच्या घराची पॉलिसी मात्र त्याच्यासाठी उघडू शकते. कॉलेजसाठी बाहेर राहणारा पूर्णवेळ विद्यार्थी चोविशीच्या आत असेल, तर बहुतेक पॉलिसींत तो घरातलाच धरतात. 'जाणूनबुजून केलेली इजा' असं कलम असतं, त्यात ते बसवायचा प्रयत्न कंपनी करेल आणि त्यावरच वाद होतो.

तीन गोष्टी सांगतो, बाकी वकिलाला विचारा. पॉलिसी काढून 'इन्शुअर्ड' कोण याची व्याख्या आजच वाचा. अंब्रेला नसेल तर घ्या. आणि देव न करो पण काही घडलंच, तर मुख्यालयाने दिलेला वकील मुख्यालयाचा असतो, हे मुलाच्या मनावर ठसवा. त्याच्याशी बोलण्याआधी स्वतःचा वकील, आणि स्वतःच्या विमा कंपनीला लेखी कळवणं.

ते पद नावापुरतं नसतं. इलिनॉयच्या निकालात पदाधिकारी वैयक्तिकरीत्या आत आले, हे त्याला बसवून वाचून दाखवा. पार्टी थांबवायचा अधिकार त्याला खरोखर आहे का, हेही विचारा. नसेल, तर त्याने ते पद सोडावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तटस्थ_नाशिक

सगळं ठीक आहे, पण बाटली तोंडाला कुणी लावली? एकोणीस वर्षांचा घोडा झालेला मुलगा, नाही म्हणता येत नाही? त्याच्या खर्चाचा भार दुसऱ्यांच्या आईबापांनी का उचलायचा?

ऋजुता_ओटी

तटस्थ, हा प्रश्न ज्युरीसमोरही येतो, तेव्हा उत्तर देते. अनेक राज्यांच्या हेझिंग कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की 'त्याची संमती होती' हा बचाव चालत नाही. मिसुरीचा कायदाही तसाच आहे. कायद्यात हे आलं त्याला कारण आहे. कित्येक आठवडे त्या मुलाला झोपू दिलेलं नसतं, सीनियरांच्या खोल्या साफ करायला लावलेल्या असतात, मध्येच सोडलं तर सगळे मित्र जातील हे मनावर बिंबवलेलं असतं. त्या रात्री तो एकटा असतो आणि समोर तीस जण. दिवाणी दाव्यात त्याच्या वाट्याची चूक धरून रक्कम कमी होऊ शकते, ती सोय कायद्यात आहेच.

आणि पहिला पेला कुणी का लावेना, शुद्ध हरपल्यावर पुढचे तास त्याच्या हातात नसतात. पेन स्टेटला फेब्रुवारी २०१७ मध्ये बेटा थीटा पायच्या घरात मुलगा जिन्यावरून पडला आणि मदतीला फोन झाला तो सुमारे बारा तासांनी. घरात कॅमेरे होते म्हणून हे सगळं जगाला कळलं. मेंदूला ऑक्सिजन नसेल तर मिनिटांत पेशी मरायला लागतात. माझ्यासमोर येणारी इजा बहुतेक वेळा त्या उशिराची असते. मुलगा किती प्यायला हे महत्त्वाचं आहेच. पण तो निळा पडायला लागल्यावर खोलीत कोण होतं आणि त्यांनी फोन का केला नाही, इथे मला जबाबदारी दिसते.

जुना_ग्रीक

मी १९९० च्या दशकात इथे बॅचलर्सला आलो आणि फ्रॅटर्निटीत होतो. म्हणून थोडं वेगळं लिहितो. वडील गेले तेव्हा मुंबईच्या तिकिटाचे पैसे माझ्या 'ब्रदर्स'नी काढून दिले होते. पहिली नोकरी त्यांच्यामुळे लागली. आजही माझे सगळ्यात जवळचे मित्र तेच आहेत. सरसकट सगळ्यांना खुनी ठरवू नये, एवढीच विनंती.

पण ऋजुता म्हणते ते उशिराचं अगदी खरं आहे. आमच्या वेळी 'झोपून उतरेल' हेच उत्तर होतं. फोन केला तर चॅप्टर बंद होईल ही भीती सगळ्यांना असायची. मुलांना हेच सांगायला हवं, की फोन करणाऱ्याला आता कायद्याचं संरक्षण आहे. फ्लोरिडाने २०१९ च्या कायद्यात ते हेझिंगसाठीच लिहून ठेवलं. बऱ्याच राज्यांत आणि विद्यापीठांत दारूच्या बाबतीत 'मेडिकल ॲम्नेस्टी' (मदत मागणाऱ्यावर कारवाई नाही) आहे. तुमच्या मुलाच्या राज्यात काय आहे ते आधी शोधा आणि त्याच्या फोनमध्ये टाकून द्या.

वैशाली_न्यूजर्सी

देसी फ्रॅटर्निटी म्हणजे सुरक्षित, असं आमच्या मंडळात बरेच जण मानतात. दक्षिण आशियाई मुलांच्या फ्रॅटर्निट्या हल्ली बऱ्याच आहेत, तिथे भांगडा आणि गरबा असतो, म्हणून आईवडील निर्धास्त. त्यांनी डिसेंबर २०१३ ची पाय डेल्टा सायची केस वाचावी. आशियाई अमेरिकन मुलांची फ्रॅटर्निटी, न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजमधला मुलगा, पेन्सिल्व्हेनियाच्या पोकोनो डोंगरात भाड्याचं घर. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळू भरलेली बॅग, अंधारात धक्के. दारूचा संबंध नव्हता. दवाखान्यात न्यायला उशीर केला, मुलगा गेला. तिथे राष्ट्रीय संघटनाच फौजदारी खटल्यात दोषी ठरली आणि तिला पेन्सिल्व्हेनियातून दहा वर्षांच्या बंदीची शिक्षा सुनावली गेली.

अविनाश_ऑस्टिन

आमची केस फ्रॅटर्निटीची नाही. मुलगी कॉलेजात असताना दारू प्यालेल्या ड्रायव्हरने तिच्या गाडीला धडक दिली, मेंदूला इजा झाली. पण पैसे मिळाल्यानंतरची वाट दोन्हीकडे एकच आहे, म्हणून लिहितो. लांब होईल. ज्यांना आत्ता गरज नाही त्यांनीही वाचून ठेवा.

रक्कम आली की ती थेट मुलाच्या नावावर घेऊ नका. कारण तासांची देखभाल खाजगी आरोग्य विमा देत नाही. तो ऑपरेशन देतो, आयसीयू देतो, थेरपीच्या मोजक्या खेपा देतो. घरी येणारा माणूस मुख्यतः मेडिकेडच्या (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) 'वेव्हर' नावाच्या खास योजनांतून मिळतो. त्यासाठी मुलाच्या नावावर फारसं काही असून चालत नाही. एसएसआय, म्हणजे गरीब अपंगांचा केंद्रीय मासिक भत्ता, त्याची मालमत्तेची मर्यादा एका माणसाला २,००० डॉलर. खात्यात २,००१ असले तरी हक्क जातो. तडजोडीचे दहा लाख नावावर आले, की मेडिकेड बंद, आणि ते दहा लाख संपेपर्यंत बंद. अटेंडंटच्या दराने ते चार वर्षांत संपतात.

यावरचा उपाय १९९३ च्या केंद्रीय कायद्यात आहे, 'स्पेशल नीड्स ट्रस्ट'. पैसा ट्रस्टमध्ये जातो, मुलाच्या मालमत्तेत धरला जात नाही. व्हॅन, दुरुस्ती, जास्तीची थेरपी, बहिणीच्या लग्नाला जायचा प्रवास हे त्यातून करता येतं. मुलगा पासष्टच्या आत असायला हवा. आणि त्याच्या मागे काही उरलं, तर मेडिकेडने खर्च केलेलं आधी परत घ्यायचा हक्क राज्याचा. ट्रस्ट तडजोडीवर सही होण्याआधी तयार हवा. इजेच्या दाव्याचा वकील आणि ट्रस्टचा वकील हे बहुधा वेगळे असतात, दोघं लागतात.

दुसरं, हातात येणारी रक्कम पूर्ण तुमची नसते. आपल्यातले बहुतेक जण मोठ्या कंपन्यांत आहोत. त्या कंपन्यांचे हेल्थ प्लॅन त्या स्वतःच्या पैशातून चालवतात आणि ते एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येतात. प्लॅनच्या कागदात 'आम्ही भरलेलं आधी परत' असं असेल, तर ते चालतं. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तसं सांगितलंय. तेव्हा एचआरकडून प्लॅनची पूर्ण प्रत मागा, सारांश नको.

मेडिकेडचंही तसंच, पण तिथे थोडं रक्षण आहे. आर्कान्सामध्ये एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मेंदूला अपघातात इजा झाली. दाव्याचं खरं मोल तीस लाखांच्या आसपास, मिळाले साडेपाच लाख. मेडिकेडने भरलेले सगळे दोन लाख पंधरा हजार राज्याने परत मागितले. २००६ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, की तिला मोलाचा सहावा हिस्सा मिळाला, तर राज्यालाही तसाच हिस्सा, म्हणजे साधारण साडेपस्तीस हजार. पुढे २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या केसमध्ये कोर्टाने राज्याला भविष्यातल्या वैद्यकीय खर्चाच्या भागातूनही वसुली करायची मुभा दिली. म्हणून तडजोडीच्या कागदावर कशासाठी किती, याची वाटणी लिहिणं फार महत्त्वाचं झालंय.

तिसरं, 'स्ट्रक्चर्ड सेटलमेंट'. सगळे पैसे एकरकमी न घेता आयुष्यभर महिन्याला ठरावीक रक्कम. शारीरिक इजेच्या भरपाईवर केंद्रीय आयकर नाही आणि अशा हप्त्यांवरही नाही. नातेवाईक सांगतील, एकदम घ्या आणि फ्लॅट घ्या, शेअरमध्ये टाका. ऐकू नका. मुलगा आपल्यामागे तीस वर्षं जगणार आहे. आपण नसताना महिन्याच्या एक तारखेला पैसे आले पाहिजेत.

चौथं बहुतेकांना माहीतच नसतं. बाविसाव्या वर्षाच्या आत अपंगत्व आलं असेल, तर आईवडील निवृत्त झाल्यावर किंवा गेल्यावर त्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या नोंदीवर मुलाला आयुष्यभर पैसे मिळतात. पुढे मेडिकेअर, म्हणजे वृद्ध आणि अपंगांचा केंद्रीय आरोग्य विमा, तोही. कॉलेजातली बहुतेक मुलं या वयात बसतात. तारीख सिद्ध करणारे दवाखान्याचे कागद जपून ठेवा. याशिवाय अपंगांसाठीचं करसवलतीचं 'एबल' बचत खातं आहे, २०१४ च्या कायद्याचं. पूर्वी सव्विसाव्या वर्षाच्या आत आलेल्या अपंगत्वाला होतं, जानेवारी २०२६ पासून सेहेचाळीसपर्यंत.

आणि वेव्हरच्या रांगेत पहिल्याच महिन्यात नाव घाला. टेक्ससमध्ये रांगा वर्षानुवर्षांच्या आहेत. रात्रीची एड आली नाही की रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलायला आम्हीच उठतो. पैसे हातात असले तरी माणूस मिळत नाही, हे धरून चाला.

सचिन_अल्फारेटा

अविनाशकाका, हे सगळं एका ठिकाणी मी कुठेच वाचलं नव्हतं. मनापासून आभार. दावा लावायला मुदत किती असते?

विमा_हार्टफर्ड

राज्यागणिक वेगळी. टेनेसी आणि केंटकीत वैयक्तिक इजेला सर्वसाधारण एकच वर्ष. सरकारी विद्यापीठाला नोटिस द्यायची मुदत त्याहूनही कमी असू शकते. मूल आयसीयूत असताना वकिलाचा फोन घेणं जड जातं, पण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तो घ्यावा. कॅमेऱ्याचं चित्रण आणि मुलांचे ग्रुपवरचे मेसेज पुसले जाऊ नयेत, म्हणून पत्र पहिल्या आठवड्यात जायला हवं.

ॲड_कोल्हापूर

इथल्या प्रॅक्टिसमुळे तुलना करावीशी वाटते. आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा, यूजीसीचे नियम २००९ चे. दोन्ही शिक्षेवर भर देतात. कायम अपंगत्व आलेल्या विद्यार्थ्याच्या देखभालीची रक्कम कशी काढायची, यावर त्यांत काही नाही. ते गणित आमच्याकडे मोटार अपघाताच्या केसमधून शिकायला मिळतं. कायमचं पूर्ण अपंगत्व आलेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०२० साली दोन अटेंडंट, प्रत्येकी महिना ५,००० रुपये आणि अठराचा गुणक लावला, म्हणजे वर्षाची रक्कम अठराने गुणली. २१ लाख ६० हजार फक्त देखभालीचे. रक्कम तुमच्या आकड्यांपुढे लहान आहे, पण घरातली आई फुकट राबणार हे गृहीत धरलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. मनःस्ताप म्हणून गोल आकडा मागून थांबू नका, तासांचा हिशेब मांडा, असं मी पक्षकारांना सांगतो.

स्नेहल_पुणे

माझी मुलगी ऑगस्टमध्ये पर्ड्यूला बॅचलर्सला जाते आहे, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर. आमचं तिथे कुणी नाही. सोरॉरिटीत (मुलींच्या फ्रॅटर्निटीत) जाणार नाही म्हणते, पण पार्ट्यांना जाईलच. अविनाशदादांनी लिहिलेलं मेडिकेड, एसएसआय आम्हाला मिळेल का?

अविनाश_ऑस्टिन

स्नेहलताई, एसएसआय नाही. मेडिकेड बहुतेक ठिकाणी आणीबाणीपुरतंच. म्हणून तुमच्यासाठी दोन गोष्टी सगळ्यांत मोठ्या: विद्यापीठाच्या विद्यार्थी विम्यात पुनर्वसन किती दिवसांचं आहे ते बघा आणि 'मेडिकल इव्हॅक्युएशन'ची (आजाऱ्याला उपचारासाठी दुसरीकडे किंवा मायदेशी हलवण्याची) रक्कम बघा. स्वस्तातला बाहेरचा प्लॅन घेऊन विद्यापीठाचा सोडू नका. काही प्लॅन दारूच्या अमलाखाली झालेली इजा वगळतात, ते कलम शोधा. दावा लावायचा हक्क मात्र व्हिसावर अवलंबून नाही. परदेशी विद्यार्थिनीलाही तो तितकाच आहे.

ऋजुता_ओटी

स्नेहलताई, मी एक जोडते, ते इथल्या सगळ्या आईबाबांसाठीही आहे. अठरा पूर्ण झाले की इथे कायद्याने आईवडिलांचा हक्क संपतो. मूल बेशुद्ध असेल तर दवाखाना तुम्हाला फोनवर माहिती देताना अडखळतो आणि मोठ्या निर्णयांसाठी कोर्टातून पालकत्व घ्यावं लागू शकतं. त्यात आठवडे जातात. जाण्याआधी तिच्याकडून दोन कागद सही करून घ्या: आरोग्याचे निर्णय तुम्ही घेऊ शकाल असा मुखत्यारीचा आणि माहिती देण्याच्या संमतीचा. इंडियानाचे नमुने ऑनलाइन मिळतात. साक्षीदार की नोटरी, ते नमुन्यावरच लिहिलेलं असतं.

आणि चॅप्टरची जुनी नोंद बघा. २३ डिसेंबर २०२४ रोजी सही झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यापीठांना हेझिंगच्या उल्लंघनांचा अहवाल संकेतस्थळावर टाकावा लागतो, संघटनेच्या नावासकट. पहिल्या अहवालाची मुदत २३ डिसेंबर २०२५ होती. या कायद्याने जखमी मुलाला एक डॉलरही मिळत नाही. पण मुलाने बिड घेण्याआधी ते पान त्याच्याबरोबर बसून वाचता येतं.

मीनल_नेपरव्हिल

काल रात्री मुलाशी बोललो. पार्टी थांबवायचा अधिकार आहे का, हा प्रश्न विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, कागदावर आहे. रविवारच्या चॅप्टर मीटिंगमध्ये तो दोन गोष्टी मांडणार आहे: शुद्ध हरपलेल्याला एकटं ठेवायचं नाही आणि ९११ ला फोन करायला कुणाची परवानगी लागणार नाही. मान्य झालं नाही तर राजीनामा. आम्ही अंब्रेलाची चौकशी सुरू केलीय.

स्नेहल_पुणे

शेवटचं विचारते. असं काही झालंच आणि मुलीला पुण्याला आणलं, तर तिकडून मिळालेला पैसा इकडे चालतो का? इथे दिवसाची आणि रात्रीची अशा दोन मावश्या ठेवणं तरी जमू शकतं.

अविनाश_ऑस्टिन

स्ट्रक्चर्ड सेटलमेंटचे हप्ते कुठेही राहिलात तरी येतात. ट्रस्टमधून खर्च करता येतो, फक्त ट्रस्टीने नोंद ठेवायची. एसएसआय असणाऱ्याचं, सलग तीस दिवस देशाबाहेर राहिलं की थांबतं आणि मेडिकेड तर राज्याबाहेर राहायला गेलं की संपलं. आईवडिलांच्या नोंदीवरचे सोशल सिक्युरिटीचे पैसे अमेरिकन नागरिक असेल तर भारतातही मिळतात. आम्ही हा हिशेब आमच्या मुलीसाठी मांडून बघितला होता. पुण्यात माणसं मिळतात हे खरं. पण तिच्या व्हीलचेअरचा सुटा भाग, नळीचं ठरलेलं अन्न, बॅक्लोफेन पंप (आखडलेल्या स्नायूंसाठी शरीरात बसवलेला औषधाचा पंप) भरून देणारा डॉक्टर, या तीन गोष्टी कुठे आणि किती दिवसांत मिळतील, ते आधी फोन करून विचारा. आम्ही त्या पंपावरच अडलो आणि इथेच राहिलो.